हिका होडी लागता

मला तरीत बसायला आवडतं. तर म्हणजे खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी होडी. बाकीचे लोक पलीकडे काही काम असतं म्हणून तरीत बसतात. माझं पलीकडे काही काम नसतं. मी जाते, उतरते, धक्क्यावर एक चहा घेते आणि त्याच होडीने परत येते. "माणसं पलीकडे जायला बसतात, ही परत यायला बसते," असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो, आणि पाहुणे माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे होड्या सुटतात, त्यांत मी वर्षानुवर्षं बसत आले आहे. किल्ल्याशी सगळे उतरतात, मी बसून राहते. नवीन होडीवाला असला की विचारतो, "बाई, किल्लो बघूचो नाय?"

"बघितलेलो आसा."

"मगे इलात कित्याक?"

मी परतीचे पैसे पुढे करते. गोव्याला एकदा सुट्टीत गेलो, तेव्हा नवऱ्याला वाटलं होतं की आपण देवळं आणि चर्च बघायला चाललोय. त्याला मी दिवाडीच्या बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत बसवलं आणि इतक्या खेपा करवल्या की शेवटी बोटीवरचा माणूस त्याला ओळखीचं हसायला लागला. मला काय आवडतं ते मी नवऱ्याला समजावून सांगितलं आहे. बोट काठाला आली की ती लोखंडी फळी धाडकन खाली पडते तो आवाज. दोर फेकणारा माणूस न बघताच दोर फेकतो आणि तो बरोब्बर खुंटाला बसतो ते. आणि मधोमध आल्यावर दोन्ही काठ सारखेच लांब दिसतात, तेव्हा पोटात जे काही होतं ते. नवरा म्हणतो, "मला तिथे फक्त भूक लागली." काही माणसांपुढे बोलण्यात अर्थ नसतो.

हे वेड कर्लीच्या खाडीने लावलं. आमचं घर कोरजाईच्या बाजूला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. समोर देवबाग. देवबाग म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. आमच्या अंगणातून तिथले माड दिसायचे, संध्याकाळी चुलींचा धूरही दिसायचा. पण रस्त्याने जायचं तर वर नेरूरपारच्या पुलापर्यंत जा, पलीकडून तारकर्लीवरून खाली या, अर्धा दिवस त्यातच. पाण्यातून गेलं तर एक विडी ओढून होईपर्यंत पलीकडे. त्या समोरच्या पट्टीवरून आमच्या घरात काकी आली.

काकी म्हणजे माझ्या वडलांची दुसरी बायको. माझी आई मी फार लहान असताना गेली. तिचा चेहरा मला फोटोतलाच माहीत आहे. मी सहा-सात वर्षांची असताना बाबांनी देवबागची मुलगी केली. घर एकत्र. माझी चुलत भावंडं तिला काकी म्हणायची, कारण त्यांची ती काकीच होती. मी त्यांच्याच ताटात जेवायची, त्यांच्याशीच भांडायची, तर हाकही त्यांचीच उचलली. बाबांनी एक-दोनदा दुरुस्ती करून बघितली, मग त्यांनी नाद सोडला. काकीने कधीच काही म्हटलं नाही. कोणी शेजारीण खोचून बोललीच तर ती म्हणायची, "हाक मारता, मी ओ दितंय. आनी काय होयां?"

आणि गंमत अशी, की काकीच्या भावाला मात्र मी मामा म्हणायची. पहिल्याच दिवशी त्याने मला उचलून होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवलं आणि सांगितलं, "माका मामा म्हण, मगे होडयेत घेतंय." होडीसाठी मी तेव्हा कोणालाही काहीही म्हटलं असतं. त्यामुळे आमच्याकडे काकीचा सख्खा भाऊ मामा झाला, आणि हे गणित पुढे कोणीच सोडवायला बसलं नाही.

काकी कोळंबीसारखी बारीक आणि तोंडाने तिखट. घरातली पुरुषमाणसं तिच्याशी वाद घालायची नाहीत. पण तिची एक दुखरी जागा होती. बाप समुद्रावर जाणारा, भाऊ समुद्रावर जाणारा, घराच्या दोन्ही अंगाला पाणी, आणि हिला होडी लागायची. मळमळायचं, घाम फुटायचा, कडेला वाकून बसायची. देवबागच्या मुलीला होडी लागते म्हणजे सुताराच्या मुलीला लाकूड टोचतं म्हणण्यासारखं. आमच्या वाडीत यावर हसून झालं, तरी लोकांना पुन्हा हसायला काही अडचण यायची नाही.

ती पहिल्यांदा माहेरी राहायला गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. येताना आम्ही तरीत बसलो. तेव्हाची तर चांगली रुंद होती, तिच्यात माणसं, सायकली, एखादी शेळी, माशांच्या पाट्या, सगळं एकत्र. मी नाळेकडे तोंड करून बसलेली, जगाचं भान नाही. "काकी, ता बघ! काकी, घार बघ!" असं ओरडत होते. काकी कडेला वाकलेली. शेजारी एक मासे विकणारी बाई होती. काकीच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तिला आमच्या घरचं ठाऊक नसावं. तिने मला विचारलं, "ही तुका कोण लागता गो?"

माझं अर्धं लक्ष घारीकडे. मला फक्त "लागता" ऐकू आलं. मी म्हटलं, "माका नाय. हिका होडी लागता."

अख्खी तर हसली. वल्हं मारणारा हसला, शेळीवाला हसला. काकीने तोंड पुसत वर बघितलं, आणि तीही हसली. तोवर ती आमच्याकडे आल्यापासून मी तिला इतकं हसताना बघितलं नव्हतं.

आपल्या बोलण्यात काय काय लागतं बघा. भूक लागते, वेड लागतं, लग्न लागतं, नातं लागतं, होडी धक्क्याला लागते, आणि काकीला होडी लागते. ते उत्तर पुढे आमच्या दोघींचं झालं. शाळेत नाव घालायला गेलो, लग्नाच्या पंगतीत बसलो, दवाखान्यात गेलो, कोणीतरी विचारायचंच. मी तिला काकी म्हणते, ती मला नुसतं चेडवा, म्हणजे पोरी, अशी हाक मारते, तर हे नक्की काय? "ही तुझी कोण लागता?" असं कोणी काकीला विचारलं की ती माझ्याकडे डोळे मिचकावून म्हणायची, "माका होडी लागता." समोरचा गोंधळायचा आणि आम्ही हसत पुढे जायचो. पुढे मी मोठी झाले, कुडाळला नोकरी केली, लग्न केलं, तरी हे उत्तर तसंच राहिलं. ते इतकं सोयीचं होतं की खरं उत्तर काय, याची गरजच पडली नाही. मला मात्र कधी कधी वाटायचं, एकदा तरी हिने सरळ सांगावं. विचारायचं धाडस मला झालं नाही. मी तिला काकी म्हणायचं आणि तिने मला मुलगी म्हणावं अशी अपेक्षा करायची, हे जरा जास्तच मागणं होतं.

तिला स्वतःचं मूल झालं नाही. बाबा गेल्यावर ती त्याच घरात राहिली, शेजारी चुलतभावाचा संसार. मी तिला कुडाळला बोलावून थकले. "थंय खाडी नाय," असं ती म्हणायची. जिला होडी लागते तिला खाडी कशाला हवी, हे मी विचारलं की ती भांडी आपटायला लागायची.

मामा धडधाकट होता तोवर दर वर्षी तो स्वतःच्या होडीतून तिला न्यायला यायचा. तो आला की धक्क्यावरूनच हाक मारायचा, आणि काकीचं पाऊल घरात ठरायचं नाही. मग त्याचे खांदे गेले, वल्हं सुटलं. सगळ्यांकडे गाड्या आल्या तशी जुनी तरही मोडली. काकीला गाडीही लागते. गाडी तर होडीपेक्षा जास्त लागते. हळूहळू तिचं माहेर समोर असून लांब गेलं. मामाचा मुलगा फोनवर दोघांना एकमेकांचं तोंड दाखवायचा. काकी फोन असा धरायची की मामाला फक्त आमच्या घराची कौलं दिसायची, आणि मामा असा धरायचा की काकीला त्याचा कान दिसायचा. दोघं एकमेकांच्या कौलांशी आणि कानांशी तासभर बोलायची.

या पावसाळ्यानंतर मामा अंगणात पडला आणि अंथरुणाला खिळला. डोळ्यांनी अलीकडे दिसेनासं झालं होतं, आता मनही मागेपुढे व्हायला लागलं. मामाच्या सुनेने मला फोनवर सांगितलं, "रोज संध्याकाळ झाली की विचारतत, तर लागली काय? चेडू इला काय? आमका कळना नाय काय सांगूचा ता." देवबागच्या त्या घरात चेडू म्हणजे काकी. ती पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई त्या घरात अजून पोरगी आहे. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या.

मी ते काकीला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसून काजू भाजत होती. काजू जळले. मग वर न बघता म्हणाली, "माका पलीकडे व्हरशीत?"

मी आधी गाडी काढली. गाडीत मी तिला पुढच्या सीटवर बसवलं, काचा उघड्या, हातात लिंबू. परुळ्याच्या वळणांवरच तिची अशी अवस्था झाली की मला गाडी परत फिरवावी लागली. दोन दिवस ती उठली नाही. तिच्या डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. या वयात अशा उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी जाऊन काहीतरी भलतंच होईल, म्हणाले. गोळी घेतली तर तिचा तोल जातो. म्हणजे रस्ता बंद, आणि उरलं पाणी. तिथे मामा रोज तिची वाट बघतोय आणि इथे ही रोज संध्याकाळी खाडीकडे तोंड करून बसते. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. समोर दिसणाऱ्या काठावर तिला मी नेऊ शकले नाही आणि तो गेला, तर मी इतकी वर्षं होड्यांत बसून केलं काय?

मग मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, खाडीच्या तोंडाशी पाणी नुसतं उकळतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याला जोर कमी. तो दिवस धरला. दुपारी खारा वारा सुटला की लाटा येतात, म्हणून सकाळ धरली. भरती पूर्ण भरून थांबते, त्या वेळेला पाणी जागच्या जागी उभं असतं, ती वेळ धरली. इंजिनाचा वास लागू नये म्हणून होडी कशी उभी करायची आणि काकीला वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बसवायचं, तेही ठरवलं. नवरा म्हणाला, "चंद्रावर चाललात काय?" पण सकाळी काकीला चालायला नको म्हणून हाकेवरच्या कोरजाईच्या धक्क्यावर आम्हाला सोडायला त्यानेच गाडी इतकी हळू चालवली की मागून सायकलवाले पुढे गेले.

मामाचा मुलगा आपली होडी घेऊन आला होता. तो पर्यटकांना खाडीतून फिरवतो, त्यामुळे होडीला वर छप्पर, बसायला बाकडी, आणि नारिंगी जाकिटांचा ढीग. काकीने नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीचा वळेसर माळायचा की नाही यावर बराच विचार करून शेवटी तो पदराच्या टोकाला बांधून घेतला होता. भाच्याने जाकीट पुढे केलं तशी ती उसळली. "देवबागच्या चेडवाक बुडूची भीती घालतंस?"

"आते, पोलीस धरतत."

"धरूंदेत. सांग, म्हातारेक लाज वाटता."

शेवटी तिने ते घातलं आणि होडीत मधोमध बसली, नवरीसारखी अवघडून. एक हात बाकड्याला, दुसरा माझ्या मनगटाला. मी सांगितलं होतं की पाण्याकडे बघायचं नाही, समोरच्या माडांकडे बघायचं. ती बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच अशी होडीत बसले की मला ना पाणी दिसलं ना घार. तिचा घाम, तिचा श्वास, तिच्या ओठांचा रंग, एवढंच.

मधोमध आलो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा जो उंचवटा वर आलाय, तिथे पर्यटकांसाठी पाण्यातच खुर्च्या, छत्र्या आणि भज्यांची दुकानं मांडलेली होती. काकीने ते कधी बघितलं नव्हतं. "ह्या काय? पाण्यात बाजार?" आणि तिने मान वळवून पाण्याकडे बघितलंच. मी डोळे मिटले. काही झालं नाही. ती भाच्याला विचारत होती, "भजी कसली रे? कांद्याची?"

होडी देवबागला लागली. काकीला होडी लागली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन करून भरती, वारा आणि माझी अक्कल यांवर एक व्याख्यान दिलं. तो म्हणाला, "आता मामांना भेट जा."

मामाच्या घराला आता निळा रंग, पुढे पर्यटकांच्या खोल्या, वायफायची पाटी. पण मागच्या पडवीत जुनीच खाट, आणि तिच्यावर मामा. ज्याच्या खांद्यावर बसून मी खाडी बघितली, तो माणूस चादरीखाली आहे की नाही कळत नव्हतं. काकी दारात थबकली. मग जाकिटाचे पट्टे तसेच लोंबत असताना खाटेशी गेली आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

मामाने डोळे न उघडताच विचारलं, "तर लागली?"

"लागली."

"चेडू इला?"

"इलंय रे मी."

त्याने तिचा हात चाचपला, बांगड्या नाहीत हे त्याच्या बोटांना कळलं असावं, कारण त्याने मनगट पुन्हा एकदा चाचपलं. मग म्हणाला, "होडी लागूक नाय ना?"

"नाय लागली," काकी म्हणाली. आणि मला राहवलं नाही, मी माझी भांगाची भरती सांगायला सुरुवात केली. मामा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, होडीत घेताना यायचं तेच.

"येताना हिका कधीच लागूक नाय," तो म्हणाला. "जाताना लागता. लग्नाच्या तरीपासून लागूक लागली. त्याच्या आदी माझ्याबरोबर भर समुद्रात येय, तेव्हा कायएक होय नसा."

काकी म्हणाली, "काय पण बोलतंस." पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी तिथेच उभी राहून आठवायला लागले. ती घारीची तर, ती देवबागहून घरी येतानाची. पुढच्या सगळ्या खेपा. माहेरी जाताना ती माझी वेणी घालायची, शेंगदाणे खायची. वाकून बसायची ती येताना. जन्मभर होड्यांकडे डोळे लावून बसलेली मी, मला एवढी साधी गोष्ट दिसली नव्हती. म्हणजे आमच्याकडे येतानाच तिच्या पोटात ढवळायचं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. उगाच खोटं कशाला सांगू, रडायला आलं. कोणाला दिसू नये म्हणून मी पडवीच्या कडेला जाऊन जाळी बघत बसले.

मामाने मान माझ्या दिशेला वळवली. "ही कोण गो बरोबर? काकी काकी करता ती? ही तुझी कोण लागता?"

मला आमचं उत्तर माहीत होतं. मी हसायच्या तयारीत होते. काकीने डोळे मिचकावण्यासाठीसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही.

"माझां चेडू," ती म्हणाली. "तुका मामा म्हणता, मगे आनी कोण लागतली?"

एवढंच. सांगितलं आणि त्याची चादर नीट करायला लागली. मामा "हां, हां" म्हणाला, जसं काही त्याला हे ठाऊकच होतं. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. एका वाक्यासाठी माणूस जवळजवळ पन्नास वर्षं थांबू शकतं, आणि ते आलं की त्याला काय करायचं हे सुचत नाही. सून चहा घेऊन आली आणि तिने मला विचारलं, "साखर चलता ना?" मी हो म्हटलं. मला साखर चालत नाही.

त्या दोघांना आम्ही दिवसभर सोडून दिलं. दुपारी मी डोकावले तर काकी त्याला मऊ भात भरवत होती आणि दोघं कुणाच्या तरी बुडालेल्या होडीवरून भांडत होती. ती होडी बहुधा माझ्या जन्माआधी बुडाली असावी.

परतीची वेळही मीच काढली होती, वारा पडल्यावरची. निघताना मामाने सुनेला हाक मारली. "चेडवाची ओटी भर. रित्या हातान धाडू नको."

बाबा जाऊन किती वर्षं झाली, काकीच्या कपाळावर कुंकू नाही. विधवेची ओटी भरत नाहीत. सून एकदा सासऱ्याकडे, एकदा काकीकडे बघत उभी राहिली. काकीच म्हणाली, "ऱ्हवंदे रे, माझी कसली ओटी आता."

"मी सांगतंय ना!" मामाचा आवाज अचानक होडीवरचा झाला. "दोगींची भर. ह्यांव आपल्याच घरचां चेडू."

सुनेने मग आत जाऊन तांदूळ आणि नारळ आणले. आधी काकीच्या पदरात घातले. मग माझ्या ओढणीत. माझ्या आईचं माहेर मी कधी बघितलं नाही, आई गेल्यावर त्यांचा आमच्याशी संबंध राहिला नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आजोळहून अशी ओटी माझी त्या दिवशी पहिल्यांदा भरली गेली. ती भरणारी मुलगी माझ्याहून कितीतरी लहान होती, मी तरी तिच्या पाया पडायला वाकले. ती घाबरून मागे सरली.

काकीने पदराच्या टोकाची अबोली सोडून मामाच्या उशाशी ठेवली. "येतंय मी," ती म्हणाली. मामाने हात वर केला. हे शेवटचं आहे, हे त्या दोघांनाही कळत होतं, मलाही.

परतीच्या होडीत भाच्याने आमच्या बाजूच्या भोगव्याला मुक्कामाला जाणारं एक कुटुंब घेतलं होतं, नवरा-बायको आणि एक पेंगुळलेलं बाळ. पाणी सकाळपेक्षाही शांत होतं. वारा नव्हता, लाट नव्हती, सगळं माझ्या हिशेबाप्रमाणे. आणि काठ सुटला, पडवीचा दिवा बारीक झाला, तशी काकी कडेला वाकली. भरती, ओहोटी, भांग, माझी सगळी हुशारी खाडीत गेली. मी तिची पाठ चोळत होते, तिचं कपाळ तळहातात धरून. भाच्याने इंजिन मंद केलं. मला भीती वाटायला हवी होती, डॉक्टरांचं बोलणं आठवायला हवं होतं. पण ती वांतीपेक्षा रडतच जास्त होती. तिला कोणी कधी मोठ्याने रडताना बघितलं नव्हतं. होडी लागली म्हटलं की मग कोणी काही विचारत नाही. लग्नाच्या तरीपासून तिने हेच केलं होतं.

जरा वेळाने ती माझ्या मांडीवर डोकं टेकून पडली. नारळ तिच्या पोटाशी, माझा माझ्या पायाशी.

मी हळूच विचारलं, "आमच्याकडे येतानाच कसा गो तुका असा होता?"

"तुमच्याकडे माका येवचा होताच," ती डोळे मिटूनच म्हणाली. "म्हणान तर मागे सुटला ता सोसला."

बाळ घेतलेल्या बाईने मला पाण्याची बाटली दिली. "बोट लागते वाटतं यांना? खूप त्रास होतोय का? तुमच्या कोण लागतात?"

आमचं उत्तर तोंडात तयार होतं. काकी हसली असती.

"आई," मी म्हटलं.

मांडीवरचं डोकं हललं. "काय म्हणालंस?"

"काय नाय गो."

"आयकाक इला नाय. परत म्हण."

इंजिनाचा आवाज, बाळाची कुरकुर, समोर कोरजाईच्या धक्क्यावर गाडीचे दिवे लावून नवरा उभा. मी तिच्या कानाशी वाकून पुन्हा म्हटलं. भाच्याने दोर फेकला, खुंटाला बसला, होडी लागली. मग ती उठून बसली, लुगडं सारखं केलं, नारळ घट्ट धरला आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

"उतर आदी, चेडवा," ती म्हणाली. "आनी माका हात दी."